लाल कोणता

हाडांच्या डॉक्टरानं चिठ्ठीवर लिहून दिलं:
लाल प्रकाश. करून बघायला हरकत नाही.
'हरकत नाही' हे मला आधी
औषधाचंच नाव वाटलं.

उजवा खांदा.
बेचाळीस वर्षं उकळत्या हौदातून
सुताच्या ओल्या लडी ओढून काढणारा,
आता शर्टाच्या बाहीत शिरायचं म्हटलं
तरी नरसूबाईला हाक मारायला लावतो.

आणि लाल म्हणाल तर
लाल मला विचारायचा.
चादरीतला वेगळा, टॉवेलच्या काठाचा वेगळा,
गाजरी, विटकरी, कुंकवी, मेहरून.
मालक म्हणायचे, मल्लेशम, ह्या लॉटला डाळिंबी पाहिजे.
मी विचारायचो,
सालीचा की दाण्याचा?

तर निघालो तीन पत्ते घेऊन.
होटगी रोडला काचेचं दार, आत थंडगार.
पोरीनं आधी पाणी दिलं, मग रंगीत कागद.
बारा सिटिंगचं पॅकेज, वर दोन फुकट.
"गुडघा, केस, सुरकुत्या, झोप,
सगळ्यावर चालतं काका."
सगळ्यावर चालणारा रंग मी पाहिलाय की.
पहिल्या धुण्यालाच सुटतो
आणि बादलीतल्या सगळ्यांवर चढतो.
म्हटलं, उजेड तरी दाखवा.
म्हणाली, पावती फाडल्यावर.

नवी पेठेत जिना.
खाली पैंजणांचं दुकान, वर पडदा,
पडद्यामागं बल्ब.
साधाच. वरून लाल मारलेला.
कडेला रंग उडून गेला होता
आणि त्या नखाएवढ्या जागेतून
पांढरा उजेड खरं बोलत होता.
काही न बोलता उतरलो. उतरताना
कठड्याला उजवा हात लावला, विसरून.
तिथंच बसलो पाच मिनिटं.

तिसरा पत्ता आमच्याच भागातला,
अशोक चौकातून आत, पिठाच्या गिरणीला लागून.
बाकावर विडीकाम करणाऱ्या बाया,
कुणाचं मनगट, कुणाचा अंगठा.
एकीनं सरकून जागा दिली, तेलुगूत विचारलं,
खांदा का? किती वर्षांचा?
जसं नातवाचं वय विचारावं.

डॉक्टर शिवलीला हत्तुरे. माझ्या धाकटीएवढी.
तिनं दिवा लावलाच नाही आधी.
म्हणाली, लडी कशा ओढत होता, दाखवा.
मी उभा राहिलो.
वाकलो, धरलं, उचललं, निथळू दिलं.
रिकाम्या हवेत हौद नव्हता,
तरी तोंडावर वाफ आली.
तिसऱ्या खेपेला हात वर जाईना.
ती बघत होती. कागदावर काही लिहीत नव्हती.

मग म्हणाली, "ह्या दिव्यानं बरं वाटेल का,
खरं सांगायचं तर मला माहीत नाही.
काहींना वाटतं. चार वेळा बघू,
नाही पडला फरक तर पैसे घालवू नका.
व्यायाम मात्र रोज. तो फुकट आहे, म्हणून कुणी करत नाही."

दिवा लागला.
मी आधी तळवा धरला त्याच्याखाली.
त्यात पिवळा नव्हता, निळ्याची झाक नव्हती,
पाणी नाही, मीठ नाही, उकळी नाही,
ही शेड माझ्याच्यानं निघाली नसती.
"डोळे झाका काका, ह्याच्याकडे बघायचं नसतं."
बेचाळीस वर्षं
बघण्याचेच पैसे मिळाले मला.

तिनं डोळ्यांवर घडी घातलेला टॉवेल ठेवला.
बोटांनी काठ चाचपला.
आमच्याच कारखान्याचा.

घरी नरसूबाईनं विचारलं, काय म्हणाली?
म्हटलं, माहीत नाही म्हणाली.
"मग?"
मग तिथंच. शनिवारी परत.

ती काही बोलली नाही.
शर्टाची बाही धरून
उभी राहिली.